कपडे वाळविणारी हवा : तिची वाफ आणि तिची तंतुधूळ

ओले कपडे दोरीवर टाकले की ते वाळतात, ही गोष्ट इतकी नित्याची आहे की तिचे कारण शोधावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु तेच कपडे बंद घरात, यंत्राच्या साहाय्याने, तासाभरात वाळवावयाचे ठरविले म्हणजे काही प्रश्न उभे राहतात. कपड्यांतील पाणी नाहीसे होत नाही. ते कोठेतरी जाते. कपडे घासले जातात तेव्हा त्यांचे सूक्ष्म तंतू तुटतात. तेही कोठेतरी जातात. दोरीवरच्या कपड्यांचे पाणी आणि तंतू वारा वाहून नेतो व त्याची कोणास जाणीवही होत नाही. यंत्रातून निघालेली हवा मात्र घरातच सोडली, तर पाणी आणि तंतू दोन्ही घरातच राहतात. त्यामुळे भिंतीस बुरशी येण्यापासून तो घरास आग लागण्यापर्यंत अनेक अनर्थ घडू शकतात. ही हवा कोठे सोडावी, तिच्यातील तंतुधूळ कशी अडवावी आणि यामागे पदार्थविज्ञानाचे कोणते नियम आहेत, याचा विचार या पुस्तिकेत केला आहे.

१. वाळणे म्हणजे काय?

कोणत्याही तापमानास पाण्याच्या पृष्ठभागावरून काही कण सुटून हवेत मिसळत असतात. यासच बाष्पीभवन म्हणतात. पाणी उकळण्याची वाट बाष्पीभवन पाहत नाही. कडाक्याच्या थंडीत दोरीवर गोठून फळीसारखे ताठ झालेले कपडेसुद्धा कोरड्या वाऱ्यात हळूहळू वाळतात, कारण बर्फापासूनही थेट वाफ होऊ शकते.

परंतु हवेची बाष्प सामावून घेण्याची शक्ती अमर्याद नसते. ती तापमानावर अवलंबून असते. एक घनमीटर हवा १० अंश सेल्सिअस तापमानास सुमारे ९.४ ग्रॅम बाष्प धारण करू शकते. २० अंशांस सुमारे १७ ग्रॅम, ३० अंशांस सुमारे ३० ग्रॅम आणि ६० अंशांस सुमारे १३० ग्रॅम. ही मर्यादा गाठलेल्या हवेस संपृक्त हवा म्हणतात. हवेत प्रत्यक्ष असलेले बाष्प त्या मर्यादेच्या शेकडा किती आहे, हे सांगणारा आकडा म्हणजे सापेक्ष आर्द्रता. सापेक्ष आर्द्रता जितकी कमी, तितके कपडे लवकर वाळतात.

यावरून यंत्रात हवा का तापवितात हे सहज ध्यानात येईल. मुंबईस ऐन पावसाळ्यात तापमान २७ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असताना दोरीवरचे कपडे दोन दोन दिवस दमट राहतात. तीच हवा ५७ अंशांपर्यंत तापविली, तर तिच्यातील बाष्प तेवढेच राहूनही तिची सापेक्ष आर्द्रता १८ टक्क्यांच्या आसपास येते. दमट हवा उष्णतेच्या योगाने अशी "कोरडी" बनते व पाणी शोषून घेऊ लागते.

दुसरी गोष्ट उष्णतेच्या हिशेबाची. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास, नेहमीच्या तापमानास, सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्ची पडते. ही उष्णता तापमापकावर दिसत नाही, म्हणून तिला सुप्त उष्णता असे नाव आहे. कोरडे असता पाच किलोग्रॅम भरणारे सुती कपडे, धुलाईयंत्रात चांगले पिळून काढले, तरी अडीच लिटरच्या आसपास पाणी धरून ठेवतात. एवढ्या पाण्याची वाफ करण्यास जी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत साडेचौदा लिटर बर्फगार पाण्यास उकळी येईल. विजेच्या भाषेत हा खर्च सुमारे १.७ युनिट होतो. आणि यंत्राचे पिंप, कपडे व बाहेर जाणारी हवा तापविण्यात जाणारी उष्णता धरली, तर प्रत्यक्ष खर्च याहून बराच अधिक भरतो. म्हणून कपडे यंत्रात घालण्यापूर्वी वेगाने फिरवून त्यांतील पाणी शक्य तितके काढून टाकणे हा काटकसरीचा पहिला नियम होय. पिळून काढलेल्या पाण्याची वाफ करावी लागत नाही.

२. यंत्राचा थोडा इतिहास

उष्णतेने कपडे वाळविण्याची युक्ती जुनीच आहे. कोकणात पावसाळ्याच्या दिवसांत शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर तान्ह्या मुलांची दुपटी वाळविण्याची रीत होती. फ्रान्समध्ये १८०० सालच्या सुमारास पोशाँ नावाच्या गृहस्थाने भोके पाडलेले धातूचे पिंप विस्तवावर हाताने फिरविण्याची योजना केली होती. अशा पिंपातील कपड्यांस धुराचा वास लागे व क्वचित ते करपतही. अमेरिकेत जॉर्ज सॅम्पसन याने १८९२ साली चुलीच्या जवळ कपडे टांगण्यासाठी खास चौकट तयार करून तिचे पेटंट घेतले. हिवाळ्यात घराबाहेर टांगलेले कपडे गोठून जाणाऱ्या नॉर्थ डकोटा प्रांतातील रॉस मूर याने घराशेजारच्या शेडमध्ये पिंप बसवून कपडे वाळविण्याचे प्रयोग अनेक वर्षे केले. त्याच्या कल्पनेवर आधारलेले स्वयंचलित यंत्र १९३८ साली तेथील बाजारात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आणि पुढे युरोपात ही यंत्रे घरोघर पोहोचली.

भारतात बहुसंख्य घरांत आजही ऊन, वारा, दोरी आणि दांडी हीच साधने आहेत. तथापि रुग्णालये, वसतिगृहे, उपाहारगृहे व मोठी धुलाईगृहे यांत वाळविण्याची यंत्रे आहेत, आणि शहरांतील लहान सदनिकांतही ती येऊ लागली आहेत. म्हणून त्यांचे गुणदोष समजून घेणे येथील वाचकांसही उपयोगाचे आहे.

३. यंत्राची रचना

सामान्य वाळवणयंत्रात चार मुख्य भाग असतात. पहिला भाग म्हणजे आडवे फिरणारे पिंप. यात कपडे उचलले जाऊन पुन्हा खाली पडतात, त्यामुळे त्यांच्या सर्व बाजूंस हवा लागते. दुसरा भाग हवा तापविण्याचा. येथे विजेची तार किंवा वायूची ज्योत असते. तिसरा भाग पंख्याचा. हा पंखा खोलीतील हवा आत ओढतो, तापविलेल्या अवस्थेत ती पिंपातून नेतो व बाष्पाने भरलेली हवा बाहेर ढकलतो. चौथा भाग जाळीदार गाळणीचा. कपड्यांतून निघालेले तुटके तंतू तिच्यावर अडकून राहतात.

हवा बाहेर टाकणाऱ्या यंत्रातून दर मिनिटास सुमारे तीन ते चार घनमीटर हवा जाते. पाऊण तासात हे प्रमाण दीडशे घनमीटरांच्या घरात जाते. चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा खोलीत जेवढी हवा मावते, तिच्या तिप्पट हवा कपड्यांच्या एका घाण्यात यंत्रातून निघून जाते. ही हवा साधारणतः दहा सेंटिमीटर व्यासाच्या नळाने भिंतीबाहेर सोडावयाची असते.

४. हवा घरातच सोडण्याचा मोह

थंड देशांत या व्यवस्थेविषयी एक विचार वारंवार पुढे येतो. बाहेर बर्फ पडत असताना, पैसे खर्चून तापविलेली हवा भिंतीबाहेर का फेकून द्यावी? शिवाय यंत्र जेवढी हवा बाहेर टाकते, तेवढीच थंडगार हवा दाराखिडक्यांच्या फटींतून घरात शिरते. अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात तेल महागले, तेव्हा ही हवा घरातच वळविणारी झडप किंवा पाण्याची बादली विकत घेऊन बसविण्याकडे पुष्कळांचा कल झाला. भाड्याच्या घरात भिंतीस भोक पाडण्याची परवानगी नसते, हेही एक कारण असते.

हा विचार उष्णतेपुरता पाहिला तर अगदीच चुकीचा नाही. परंतु त्यात दोन गोष्टींचा विसर पडतो. त्या हवेबरोबर अडीच लिटर पाणी येते, आणि तंतुधूळही येते. वायूच्या ज्योतीवर चालणारे यंत्र असल्यास तिसरी व सर्वांत घातक गोष्ट येते. ती म्हणजे जळण्यातून निर्माण होणारे वायू. या तिन्हींचा विचार क्रमाने करणे योग्य होईल.

५. अडीच लिटर पाणी कोठे जाते?

वर सांगितलेल्या खोलीत ४८ घनमीटर हवा असते. तापमान २० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असल्यास तिच्यात सुमारे ४१५ ग्रॅम बाष्प आधीच असते, आणि आणखी तेवढेच बाष्प घेतले की ती संपृक्त होते. यंत्रातून तर २,५०० ग्रॅम बाष्प येत असते. म्हणजे खोलीच्या उरलेल्या शक्तीच्या सहापट पाणी तिच्यात ओतले जाते. मुंबईच्या पावसाळ्यातील हवेचा हिशेब केला तर चित्र याहून वाईट दिसते. त्या खोलीच्या हवेत आणखी १८६ ग्रॅम बाष्प जेमतेम मावेल, आणि यंत्रातून येणारे पाणी त्याच्या तेरापटींहून अधिक असेल.

उरलेले पाणी मग थंड पृष्ठभागांवर जमते. हवा ज्या तापमानास संपृक्त होते त्यास दवबिंदू म्हणतात. २० अंश तापमानाच्या, ७० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू १४ अंशांच्या थोडा वर असतो. थंड देशांत हिवाळ्यात खिडकीच्या एकेरी काचेचा आतील पृष्ठभाग दहा अंशांच्याही खाली जातो. तेव्हा तिच्यावरून पाण्याचे ओघळ वाहू लागतात. काचेवरचे पाणी पुसता येते. परंतु कपाटामागची भिंत, पलंगाखालचा कोपरा, भिंतीच्या थरांमधली पोकळी येथे जमलेले पाणी कोणास दिसत नाही. लाकूड फुगते, गिलावा सुटतो, लोखंड गंजते, आणि काही दिवसांत काळसर ठिपके उमटतात. ती बुरशी होय.

बुरशीचे बीजकण हवेत सर्वत्र असतात. त्यांना रुजण्यास ओलाव्याचीच काय ती उणीव असते. घरातील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, शक्य तर ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी, असा सल्ला अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण विभागाने दिला आहे. दम्याचा विकार असणाऱ्यांस, लहान मुलांस व वृद्धांस दमट खोली विशेष बाधते, कारण बुरशीबरोबरच धुळीतील सूक्ष्म किडेही अशा हवेत वाढतात.

६. विषारी वायूचा धोका

वायूवर चालणाऱ्या यंत्रात ज्वलन पूर्ण झाले तर कर्बद्विप्राणिद, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आणि पाण्याची वाफ निर्माण होते. पण हवा अपुरी पडली किंवा ज्योतीजवळ धूळ साचली, तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूस रंग नाही, वास नाही. रक्तातील हीमोग्लोबिनाशी त्याचे बंधन प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट असते, म्हणून थोड्या प्रमाणातही तो शरीराचा प्राणवायू तोडतो. डोके दुखणे, मळमळणे, ग्लानी येणे ही त्याची लक्षणे होत. झोपेतल्या माणसास तीही कळत नाहीत. यास्तव वायूच्या यंत्रातील हवा कोणत्याही सबबीवर घरात सोडू नये. यास अपवाद नाही. बंद खोलीत कोळशाच्या शेगडीवर कपडे वाळविण्यासही हाच आक्षेप आहे.

७. तंतुधूळ कशी होते?

कापसाचा एकेक तंतू सुमारे १२ ते २० मायक्रॉन जाड, म्हणजे माणसाच्या केसापेक्षा पुष्कळच बारीक, आणि दोन-तीन सेंटिमीटर लांब असतो. सूत कातताना असे असंख्य तंतू एकमेकांत पीळ देऊन गुंतवितात. वापरताना, धुताना व विशेषतः पिंपात आपटताना काही तंतू तुटतात किंवा पिळातून सुटतात. ओल्या कापडास ते चिकटून राहतात. कापड वाळले की सुटे होऊन हवेबरोबर निघतात. गाळणीवर जी मऊ, करड्या रंगाची लादी जमते ती या तंतूंचीच. नवा टॉवेल पहिल्या काही धुण्यांत अधिक तंतू सोडतो हे गृहिणींच्या अनुभवाचे आहे.

सूतगिरण्यांना ही धूळ फार दिवसांपासून परिचित आहे. गिरणीत कापूस पिंजण्याच्या व विंचरण्याच्या विभागांत हवेत तरंगणारे तूस आगीस आमंत्रण देते, आणि तेथील धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे घेणाऱ्या कामगारांस बिसिनोसिस नावाचा फुप्फुसाचा विकार जडतो. घरातील यंत्राची धूळ त्या मानाने अत्यल्प असते व तिच्यामुळे तो विकार होतो असे म्हणता येणार नाही. परंतु ती हवेत सोडून देण्यासारखी निरुपद्रवी वस्तू आहे, असेही नव्हे.

आजच्या कपड्यांत पॉलिएस्टर, नायलॉन, ॲक्रिलिक अशा कृत्रिम धाग्यांचा भाग मोठा असतो. त्यांचे तंतू कापसाप्रमाणे मातीत कुजत नाहीत. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन घरांच्या यंत्रांत गुलाबी रंगाची पॉलिएस्टरची पांघरुणे वाळवून बाहेरच्या बर्फावर गुलाबी तंतू शोधण्यात आले. नळाच्या तोंडापासून सुमारे नऊ मीटर अंतरापर्यंत ते सापडले. यावरून हवा बाहेर सोडली म्हणजे धुळीचा प्रश्न सुटला असे नसून, गाळणी उत्तम असणे सर्वच बाबतींत अगत्याचे आहे, हे दिसून येते.

८. तंतुधूळ व आग

लाकडाचा ओंडका पेटविण्यास कष्ट पडतात. त्याच लाकडाचा भुसा किंवा ढलपी चटकन पेटते. कारण उघड आहे. पदार्थ जितका बारीक, तितका त्याचा हवेशी संबंध येणारा पृष्ठभाग मोठा व त्यास तापण्यास लागणारी उष्णता कमी. तंतुधुळीत बारीक तंतू आणि त्यांच्यामधील हवा यांचे असे मिश्रण असते की एखादी ठिणगीही तीस पुरते. गाळणीतून निसटलेले तंतू पंख्यावर, पिंपाच्या मागे, तापक तारेजवळ आणि नळाच्या वळणांत साचतात. नळ तुंबला की हवेचा प्रवाह मंदावतो. मंद हवा तापकाजवळ अधिक वेळ राहून अधिक तापते. कपडे वाळण्यास वेळ लागतो म्हणून यंत्र अधिक वेळ चालविले जाते. आणि त्यामुळे आणखी धूळ साचते. असे हे दुष्टचक्र चालते.

हा धोका काल्पनिक नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांचा आढावा घेतला, तेव्हा राहत्या घरांत वाळवणयंत्रांमुळे दर वर्षी सुमारे २,९०० आगी लागत असल्याचे आढळले. त्यांत दर वर्षी सुमारे ५ माणसे मृत्युमुखी पडत, १०० जखमी होत व साडेतीन कोटी डॉलरांची हानी होई. या आगींचे सर्वांत मोठे कारण, शेकडा ३४ प्रसंगी, यंत्राची सफाई न करणे हे होते. लंडनमधील शेफर्ड्स बुश भागातील एका अठरा मजली इमारतीस ऑगस्ट २०१६ मध्ये लागलेली आगही वाळवणयंत्रातूनच उद्भवली होती, असे तेथील अग्निशामक दलाच्या तपासात निष्पन्न झाले.

आगीचे दुसरे एक कारण कमी लोकांस ठाऊक आहे. जवसासारखी काही तेले हवेतील प्राणवायूशी संयोग पावताना स्वतःच उष्णता निर्माण करतात. तेलाने माखलेली फडकी धुतल्यावरही काही तेल त्यांत राहते. अशी फडकी यंत्रात तापवून, गरम असतानाच त्यांचा ढीग करून ठेवला, तर आतील उष्णता बाहेर पडू शकत नाही. ती वाढत जाऊन काही तासांनी ढीग आपोआप पेटू शकतो. स्वयंपाकघरातील तेलकट फडकी व मालिशीचे टॉवेल यांबाबत ही काळजी विशेष घ्यावी. यंत्राच्या शेवटच्या काही मिनिटांत केवळ थंड हवा खेळविण्याची जी योजना असते ती याचसाठी होय. ती अर्धवट थांबवून गरम कपडे बाहेर काढून गठ्ठा करू नये.

९. पाण्याची बादली कितपत उपयोगी?

घरातच हवा सोडू इच्छिणाऱ्यांसाठी पुष्कळ ठिकाणी एक साधे उपकरण मिळते. प्लास्टिकच्या झाकणदार बादलीत थोडे पाणी भरतात, यंत्राचा नळ झाकणास जोडतात, आणि हवा पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून झाकणाच्या भोकांतून खोलीत येते. जड तंतू पाण्यात पडून ओले होतात व तेथेच राहतात.

तंतूंपुरते हे उपकरण काही प्रमाणात काम करते. परंतु हलके तंतू हवेबरोबर वळून निसटतात. गरम हवेने बादलीतील पाणीही आटते. ते संपल्यावर जमलेले तंतू कोरडे होऊन पुन्हा उडू लागतात. म्हणून प्रत्येक वेळी पाणी बदलावे लागते.

बाष्पाच्या बाबतीत मात्र बादलीकडून फारशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. थंड पाण्यावर वाफ जमून पाणी होईल, असे पुष्कळांस वाटते. पण वाफेचे पाणी होताना तिची सुप्त उष्णता परत मिळते व ती बादलीतील पाण्यासच तापविते. बादलीत २० अंशांचे चार लिटर पाणी आहे आणि ते ६० अंशांपर्यंत तापू शकते असे धरले, तर ते सुमारे १६० किलोकॅलरी उष्णता घेईल. अडीच लिटर पाण्याच्या वाफेत १,४५० किलोकॅलरी सुप्त उष्णता असते. तात्पर्य, बादली फार तर नवव्या-दहाव्या हिश्शाची वाफ अडवील. बाकीची खोलीतच येईल. म्हणून असे उपकरण केवळ विजेच्या यंत्रास, तेही अडचणीच्या प्रसंगी, खिडकी उघडी ठेवून वापरावे. यंत्राच्या कारखानदाराने घरात हवा सोडण्यास मनाई केली असल्यास तेही करू नये.

१०. गाळणीचे तत्त्व

नळाच्या तोंडास पायमोजा किंवा पातळ कापड बांधून तंतू अडविण्याची युक्ती घरगुती आहे, पण ती धोक्याची आहे. तिचे कारण गाळणीच्या तत्त्वात सापडते. दहा सेंटिमीटर व्यासाच्या नळातून दर मिनिटास साडेतीन घनमीटर हवा जाते तेव्हा तिचा वेग सेकंदास सात मीटरांहून अधिक असतो. या वेगाने येणारे तंतू लहानशा कापडावर काही मिनिटांतच घट्ट थर करतात आणि वाट बंद पडते. हीच हवा एक चौरस मीटर क्षेत्रफळाच्या कापडी पिशवीतून सोडली, तर कापडाजवळ तिचा वेग सेकंदास अवघा सहा सेंटिमीटर राहतो. थर सावकाश जमतो व अडथळा अल्प होतो. यावरून एक नियम निघतो: जाळी जितकी बारीक, तितके तिचे क्षेत्रफळ मोठे हवे. गिरण्यांतील धूळ गोळा करणाऱ्या मोठमोठ्या कापडी पिशव्या याच नियमावर चालतात.

सर्वांत सोपी आणि सर्वांत महत्त्वाची गाळणी यंत्रातच असते. तिच्यावरची लादी प्रत्येक वेळी, नव्हे, प्रत्येक घाण्यानंतर काढावी. कपडे मऊ करणाऱ्या सुगंधी द्रव्यांचा मेणचट थर जाळीवर बसतो. तो डोळ्यांस दिसत नाही. परंतु जाळीवर पाणी ओतून पाहिले असता ते खाली न जाता साचून राहते. अशी जाळी साबणाच्या पाण्याने, मऊ कुंचल्याने धुवावी व पूर्ण वाळल्यावरच परत बसवावी. फाटलेली जाळी दुरुस्त करण्याची वाट न पाहता बदलावी.

११. बाहेर जाणारा नळ कसा असावा?

हवा घराबाहेर सोडणे हाच राजमार्ग होय. त्यासाठी नळ गुळगुळीत धातूचा, शक्य तितका आखूड व सरळ असावा. घडीच्या पातळ प्लास्टिकचा नळ स्वस्त असला तरी त्याच्या घड्यांत तंतू अडकतात आणि आग लागल्यास तो स्वतःच जळतो. अमेरिकेतील निवासी इमारतींच्या आदर्श नियमावलीत सर्वसाधारणपणे या नळाची लांबी ३५ फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १०.७ मीटरपर्यंत, मर्यादित केली असून नेहमीच्या प्रत्येक काटकोनी वळणामागे त्यातून पाच फूट वजा करावयाचे असतात. एक वळण हवेस पाच फूट लांबीच्या नळाइतका अडथळा करते, हा त्याचा अर्थ.

जोडांत आत घुसणारे स्क्रू वापरू नयेत, कारण त्यांच्या टोकांवर तंतू अडकतात. बाहेरील तोंडास पक्षी व पाऊस आत येऊ नये म्हणून हवेच्या दाबाने उघडणारी झडप असावी. बारीक जाळी मात्र तेथे लावू नये, कारण ती तंतूंनी भरून बंद होते. नळ माळ्यावर, भिंतीच्या पोकळीत किंवा धुराड्यात सोडणे म्हणजे ओलावा व धूळ नजरेआड साठविणे होय. यंत्र चालू असता बाहेरची झडप उघडते की नाही, हे अधूनमधून पाहावे. कपडे वाळण्यास पूर्वीपेक्षा अधिक वेळ लागू लागणे, यंत्राचा वरचा भाग नेहमीपेक्षा गरम लागणे, करपल्याचा वास येणे ही नळ तुंबल्याची लक्षणे समजावीत. वर्षातून निदान एकदा नळ सोडवून आतून स्वच्छ करावा. यंत्र चालू ठेवून बाहेर जाऊ नये किंवा झोपू नये.

१२. नळ नसलेली यंत्रे

भिंतीस भोक पाडता येत नसेल तर वाफेचे पाणी यंत्रातच करणारी रचना उपलब्ध आहे. एका प्रकारात कपड्यांतून आलेली दमट हवा खोलीच्या थंड हवेने गार करून पाणी टाकीत साठवितात. दुसऱ्या प्रकारात शीतकपाटासारखे उष्णतापंपाचे तत्त्व वापरतात. हवा प्रथम थंड नळ्यांवरून नेली जाते. तेथे वाफेचे पाणी होते. तीच हवा मग गरम नळ्यांवरून जाऊन पुन्हा पिंपात शिरते. वाफेने सोडलेली सुप्त उष्णता वाया न जाता पुढचे पाणी आटविण्यास उपयोगी पडते. त्यामुळे जुन्या पद्धतीच्या मानाने निम्म्याच्या आसपास वीज पुरते. तापमानही कमी राहते, म्हणून कपडे झिजत कमी व वेळ मात्र थोडा अधिक लागतो. स्वित्झर्लंडने २०१२ पासून विजेच्या वापराचा निकष इतका कडक केला की तेथे नव्याने विकली जाणारी यंत्रे बहुतेक याच जातीची असतात. यांतही तंतू असतातच. थंड नळ्यांच्या पापुद्र्यांत ते अडकतात, तेव्हा त्यांची सफाई टाळता येत नाही.

१३. भारतीय घरांचा विचार

थंड देशांत घरात हवा सोडण्यामागे निदान खोली तापविण्याचा हेतू तरी असतो. भारताच्या बहुतेक भागांत तोही नाही. पावसाळ्यात खोलीत आणखी उष्णता नको असते आणि आणखी ओलावा तर मुळीच नको असतो. म्हणून यंत्र घेतल्यास ते उघड्या किंवा हवेशीर जागी, उदाहरणार्थ ड्राय बाल्कनीत, पावसापासून बचाव करून ठेवावे व त्याची हवा सरळ बाहेर सोडावी. यंत्र नसलेल्या घरातही हेच तत्त्व लागू पडते. बंद खोलीत दांडीवर वाळणारे कपडेसुद्धा तेवढेच पाणी हवेत सोडतात. अशा वेळी समोरासमोरच्या खिडक्या किलकिल्या ठेवाव्या, कपड्यांत अंतर ठेवावे, पंखा लावावा आणि न्हाणीघरात हवा बाहेर फेकणारा पंखा असल्यास तो चालू ठेवावा. पंखा हवा तापवीत नाही. तो कपड्यालगतची संपृक्त हवा दूर करतो व त्यामुळेच कपडे वाळतात. ऊन असेल तेव्हा दोरीस तोड नाही. तिच्यास वीज लागत नाही, आणि तिच्यामुळे आग लागत नाही.

१४. शाळेत करून पाहण्यासारखे

एक ओला रुमाल तराजूत तोलून दर पंधरा मिनिटांनी त्याचे वजन लिहावे. एक रुमाल उन्हात, एक सावलीतील वाऱ्यात व एक बंद कपाटात ठेवून तिन्हींचे आलेख काढावे. पितळेच्या किंवा स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात बर्फाचे खडे हळूहळू टाकावे व बाहेरून दव प्रथम धरते तेव्हाचे पाण्याचे तापमान पाहावे; तोच खोलीच्या हवेचा स्थूल मानाने दवबिंदू होय. सदऱ्याच्या खिशाच्या कोपऱ्यात साठलेले तूस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावे. कापसाचा तंतू पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो, तर कृत्रिम तंतू बहुधा गुळगुळीत काडीसारखा दिसतो. तंतुधूळ पेटवून पाहण्याचा प्रयोग मात्र विद्यार्थ्यांनी करू नये.

१५. तात्पर्य

पाण्याची वाफ झाली म्हणून पाणी नाहीसे होत नाही, आणि तंतू सूक्ष्म झाला म्हणून त्याची जळण्याची शक्ती कमी होत नाही, उलट वाढते. या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या म्हणजे पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत. दमट हवेस बाहेर जाण्यास मोकळी वाट द्यावी. वायूच्या यंत्राची हवा घरात कधीही सोडू नये. गाळणी प्रत्येक वेळी व नळ दर वर्षी साफ करावा. तेलकट कापडांस यंत्रापासून दूर ठेवावे. यांपैकी एकाही गोष्टीस मोठा खर्च नाही. गाळणीवरचा मऊ थर काढून टाकण्यास अर्धे मिनिट पुरते; तेवढे अर्धे मिनिट न दिल्यामुळे जी घरे जळाली, त्यांची संख्या थोडी नाही.